दगड, मेसेज आणि राजद्रोह: बेळगावातल्या एका खटल्याचा अभ्यास

हे प्रकरण डिसेंबर २०२१ मधलं आहे. आरोपी तरुणाचं गाव आणि घरची माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत. कलमं, घटनांचा क्रम आणि त्या-त्या वेळी घेतलेले निर्णय मात्र तसेच ठेवले आहेत. मी त्याच्या बचावाचं काम पाहणाऱ्या वकिलांपैकी एक, त्यामुळे हे लिखाण तटस्थ असल्याचा दावा करत नाही. पण आंदोलन कुठे कायदा ओलांडतं, आणि कायदा ओलांडला म्हणजे लगेच देशाच्या सुरक्षेला धोका होतो का, हे दोन प्रश्न या एकाच फायलीत जितके स्पष्ट दिसतात तितके क्वचितच दिसतात.

पार्श्वभूमी

सीमाभागातल्या वाचकाने हा भाग सोडून दिला तरी चालेल. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवारकडचा मराठी पट्टा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली बेळगाव म्हैसूरकडेच ठेवायची शिफारस केली, महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. २००४ साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. दावा अजून तिथेच आहे.

एवढ्या वर्षांत आंदोलनाचं स्वतःचं पंचांग तयार झालंय. १७ जानेवारी हुतात्मा दिन, १ जूनला १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांना हिंडलग्यात अभिवादन, १ नोव्हेंबरला काळा दिन आणि सायकल फेरी, बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की त्याच्या निषेधाचा महामेळावा. पोलीस आणि कार्यकर्ते एकमेकांना नावानिशी ओळखतात. परवानगी, अटी, जमावबंदी, उचलाउचली आणि संध्याकाळी सुटका, हे सगळं दोन्ही बाजूंना सवयीचं आहे. खटले होतात तेही बहुतेक बेकायदा जमावाचे किंवा बंदीहुकूम मोडल्याचे. जुने कार्यकर्ते असे खटले मोजतही नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे. ‘बेळगाव महाराष्ट्रात गेलं पाहिजे’ ही मागणी घटनेच्या चौकटीतली आहे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार कलम ३ ने संसदेला दिला आहे, आणि संसदेला जे करता येतं ते मागायला नागरिकाला मोकळीक आहे. यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्यं प्रतिबंधक कायद्यातली ‘बेकायदेशीर कृत्या’ची व्याख्यासुद्धा भारताचा भूभाग तोडून देण्याबद्दल किंवा संघराज्यातून फुटण्याबद्दल बोलते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणं तिच्यात बसत नाही.

काय घडलं

१३ डिसेंबर २०२१ ला अधिवेशन सुरू झालं. त्याच दिवशी व्हॅक्सिन डेपो मैदानावर महामेळाव्याच्या ठिकाणी मराठी नेत्याच्या तोंडाला शाई फासली गेली. त्याचे पडसाद कोल्हापुरात उमटले, तिथे कन्नड ध्वज जाळला गेला. मग बेंगळुरूत शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई ओतल्याचा व्हिडिओ फिरू लागला. १७ तारखेच्या रात्री बेळगावच्या धर्मवीर संभाजी चौकात गर्दी जमली, दगडफेक झाली, सरकारी गाड्यांच्या काचा फुटल्या. त्याच रात्री शहरातल्या अनगोळमध्ये कन्नडिगांचे वीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी शहरात जमावबंदी होती आणि अटकसत्र सुरू झालं होतं. पुढे अटक झालेल्यांपैकी काहींवर राजद्रोहाचं कलमही लागलं.

आमचा आरोपी तेव्हा वीस वर्षांचा. आयटीआय झालेला, उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला. पहाटे पळायला जायचा, कारण त्याला भरती व्हायचं होतं. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे आमच्या तालुक्यात हे स्वप्न घरटी एक असतंच. याचा मामा तर त्याच रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. कोविडमुळे भरती मेळावे थांबले होते आणि पोराचं वय पुढे सरकत होतं.

त्या रात्री तो चौकात होता, हे त्याने पहिल्या भेटीतच कबूल केलं. तुरुंगातल्या भेटीत जाळीपलीकडून तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता: ‘मी दगुड मारलो नाही सर, बघत थांबलो होतो.’ सीसीटीव्हीत तो गर्दीत दिसतो, एक हात वर, तोंड उघडं. घोषणा देतोय हे उघड आहे. हातात काही आहे का, हे चित्रात कळत नाही.

एवढ्यावर त्याच्याविरुद्धचा खटला इतर शेकड्यांसारखाच राहिला असता. वेगळेपण आलं ते फोनमुळे. रात्री नऊच्या सुमाराला त्याने गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं होतं: ‘उद्या सकाळी सगळ्यांनी चौकात यायचं. आता कर्नाटकाचं राज्य मानायचं नाही.’ खाली भगव्या झेंड्याची दोन चिन्हं. दगडफेक त्याच रात्री नंतर झाली.

कलमं कशी चढत गेली

पहिल्या एफआयआरमध्ये बेकायदा जमाव, दंगल, सरकारी नोकराला कामात अडथळा, मालमत्तेचं नुकसान आणि कर्नाटकचा १९८१ चा मालमत्ता नुकसान प्रतिबंधक कायदा होता. जोडीला कलम १४९, म्हणजे जमावाच्या समान उद्देशासाठी प्रत्येक जण जबाबदार. पुढे गटागटांत तेढ वाढवण्याचं १५३-अ आलं. पोराचा फोन जप्त झाल्यावर १२४-अ, राजद्रोह.

पोलिसांची बाजू मांडायची तर ती अगदीच पोकळ नव्हती. अधिवेशन चालू होतं. दोन राज्यांत, दोन भाषांत, दोन पुतळ्यांवरून लोक रस्त्यावर आले होते, आणि ठिणगी कुठे पडेल याचा भरवसा नव्हता. भारतीय दंड संहितेच्या कलम १७ प्रमाणे ‘सरकार’ या शब्दात राज्य सरकारही यायचं, त्यामुळे ‘कर्नाटकाचं राज्य मानायचं नाही’ हे कायद्याने स्थापित सरकारविरुद्धचं वाक्य आहे, असं सरकारी वकील म्हणू शकत होते. म्हणालेही. चिथावणी आधी आणि दगड नंतर, ही साखळी त्यांच्या दृष्टीने पूर्ण होती.

पण कायदा तिथे थांबत नाही. केदारनाथ सिंह खटल्यात (१९६२) सुप्रीम कोर्टाने राजद्रोहाचं कलम ठेवलं, मात्र हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अशांतता माजवण्याचा रोख असेल तरच ते लागतं अशी कुंपणं घातली. बलवंत सिंह खटल्यात (१९९५) तर इंदिरा गांधींची हत्या झाली त्या दिवशी चंडीगढमध्ये खलिस्तानच्या घोषणा दिलेल्या माणसांनाही कोर्टाने सोडलं, कारण घोषणांपलीकडे काही घडलं नव्हतं. तिथे देश तोडण्याची घोषणा होती. इथे तर देशातल्या देशात राज्य बदलायचं होतं.

या प्रकरणाला सर्वांत जवळचा वाटतो तो राममनोहर लोहिया विरुद्ध बिहार राज्य हा निवाडा (१९६६). तिथे न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळं काढायला सांगितली. सर्वांत बाहेरचं कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आतलं सार्वजनिक सुव्यवस्थेचं आणि अगदी गाभ्यातलं राज्याच्या सुरक्षेचं. बाहेरच्या वर्तुळात घडलेली प्रत्येक गोष्ट आतल्या वर्तुळात पोचतेच असं नाही. संभाजी चौकात फुटलेली काच पहिल्या वर्तुळात नक्की आहे. त्या आठवड्याचं वातावरण पाहता ती दुसऱ्यात पोचली, हेही मी मान्य करीन. तिसऱ्यात ती कशी गेली, याचं उत्तर आरोपपत्रात कुठेही नाही. त्या जागी एका वाक्याचा स्क्रीनशॉट आहे.

कोणते पर्याय होते

वकील म्हणून आमच्यापुढे तीन वाटा होत्या. सगळी कलमं आहेत तशी गृहीत धरून सत्र न्यायालयात जामीन मागायचा. किंवा हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात जाऊन राजद्रोहाचं कलम रद्द करून घ्यायचं. किंवा आरोपपत्राची वाट बघायची: १२४-अ ला जन्मठेपेपर्यंत शिक्षा असल्यामुळे पोलिसांना नव्वद दिवस मिळत होते, आणि तेवढ्यात आरोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काने मिळतो. शिवाय १२४-अ आणि १५३-अ ची दखल घ्यायला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९६ खाली सरकारची मंजुरी लागत होती. ती न घेताच आरोपपत्र आलं तर तिथे धरता येतं.

तिसरी वाट घरच्यांनी ऐकूनही घेतली नाही. त्यांचं बरोबरच होतं, मार्चपर्यंत पोरगा आत ठेवायला कोण तयार होईल? धारवाडबद्दल आमच्यातच दोन मतं होती. एका ज्येष्ठांचं म्हणणं, राजद्रोह हीच या खटल्याची खुंटी आहे, ती आधी उपटा. मला वाटत होतं की तपास चालू असताना हायकोर्ट हात घालायला कचरेल, आणि तिथे विरुद्ध आदेश आला तर सत्र न्यायालयही त्याच्या आडून जामीन नाकारील.

खरा पेच मात्र कायद्याच्या पुस्तकातला नव्हता.

निर्णयाचे टप्पे

अटक झालेल्या सगळ्यांसाठी एकत्र वकील देऊन एकत्रच अर्ज करायचा, असं आंदोलनातल्या स्थानिक मंडळींनी ठरवलं होतं. हेतू चांगला होता. खर्च वर्गणीतून, कोणी एकटा पडू नये. पण एकाच फायलीत दगड मारल्याचा आरोप असलेली पोरं, नुसती उभी असलेली पोरं आणि त्या रात्री चौकात नव्हतोच असं म्हणणारी पोरं होती. त्यांचे बचाव एकमेकांना छेद देणारे. ‘मी मारला नाही’ याच्या पोटात ‘मग कोणी मारला?’ हा प्रश्न बसलेलाच असतो.

यावर त्या घरात एक पूर्ण संध्याकाळ गेली. मामाचं मत ठाम: वेगळा अर्ज, वेगळा वकील, आजच्या आज. ‘भरतीला एक केस पण चालत नाही. पोराचं बघायचं का गावाचं?’ वडील गप्प होते. भाताची दोन एकर शेती, गावातल्या तालमीचे जुने कारभारी, स्वतः ऐंशीच्या दशकात लाठ्या खाल्लेले. शेवटी म्हणाले, ‘वेगळं झालो तर उद्या गावात तोंड दाखवायचं हाय मला. फितूर म्हणतील.’ आई चहा ठेवून गेली ती परत आलीच नाही. पण मी निघताना दारात तिने विचारलं की राजद्रोह म्हणजे फाशी असते का.

ठरलं ते असं: अर्ज वेगळा करायचा, पण त्यात दुसऱ्या कोणाकडेही बोट दाखवायचं नाही. पुराव्यात याचं कृत्य दिसत नाही, आणि मेसेजमध्ये हिंसेचा शब्द नाही, एवढ्यावरच लढायचं. या निर्णयाची किंमत होती. सुनावणीत सरकारी वकिलांनी नेमकं तेच विचारलं, की तुमचा माणूस साक्षीला होता तर दगड कोणी मारले ते सांगत का नाही? आमचं उत्तर होतं की आरोपीवर ते सांगायची सक्ती नाही. कायद्याने बिनचूक उत्तर, पण कोर्टात त्याचा आवाज फार बारीक येतो.

मेसेजवर मात्र आमची बाजू भक्कम होती, आणि त्याचं श्रेय एका शब्दाला आहे: ‘सकाळी’. मेसेज सांगतो, उद्या सकाळी या. दगड पडले त्या रात्रीच. ज्यांनी मारले ते हा मेसेज वाचून आले असं दाखवणारा एकही जबाब नव्हता. ग्रुपमधले बहुतेक जण त्या वेळी घरी झोपले होते, हे त्याच फोनमधल्या निळ्या टिकांवरून दिसत होतं, कारण त्यांनी तो दुसऱ्या दिवशी उघडला होता.

निकाल

जानेवारीच्या अखेरीस जामीन झाला. राजद्रोह लागतो की नाही हा खटल्यात ठरवायचा मुद्दा आहे, सीसीटीव्हीत प्रत्यक्ष कृत्य दिसत नाही आणि फोन जप्त असल्याने कोठडीची गरज उरलेली नाही, असा आदेशाचा साधारण आशय. जामीनदाराने जमिनीचा उतारा दिला. दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी आणि परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही, या अटी.

आरोपपत्र वेळेत आलं, कन्नडमध्ये, जाडजूड. वडिलांना ते वाचता येईना, धाकट्या बहिणीने शाळेतल्या कन्नडच्या जोरावर तुळशीपाशी बसून वाचून दाखवलं. तिच्या मते बापाला ऐकवायला सगळ्यांत अवघड गेलं ते आरोपीच्या नावापुढे लावलेलं विशेषण.

११ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने १२४-अ खालची सगळी प्रलंबित प्रकरणं स्थगित ठेवायचा आदेश दिला. इतर कलमांचं काम चालू ठेवायला हरकत नव्हती. आमच्या फायलीतला राजद्रोह तेव्हापासून तसाच लटकलेला आहे. सिद्ध झालेला नाही, पुसलाही गेलेला नाही. जूनमध्ये अग्निपथ योजना आली, आणि त्या एका वर्षापुरती वयाची मर्यादा तेवीसपर्यंत वाढवली गेली. वयात तो बसत होता. चारित्र्य पडताळणीत बसणार नव्हता, आणि त्याने अर्ज भरलाच नाही. आज तो उद्यमबागेतच आहे, दुसऱ्या वर्कशॉपमध्ये. पहिल्या मालकाने पोलीस येऊन गेल्यावर हिशेब चुकता केला होता.

दगडाच्या कलमांवर साक्षी सुरू झाल्या. पहिली महत्त्वाची साक्ष काच फुटलेल्या सरकारी गाडीच्या ड्रायव्हरची, बैलहोंगलकडचा माणूस. मनगटापासून कोपरापर्यंत काचेने कापल्याचे व्रण त्याने बाही वर करून दाखवले. दगड अंधारातून आला, मारणारा दिसला नाही, असं तो सरळ म्हणाला. खोटं बोलायची संधी त्याला होती. त्याने ती घेतली नाही. त्या माणसाची आमच्या बाजूच्या कोणी कधी विचारपूस केली होती का, असं मी नंतर दोघा-तिघांना विचारलं. कोणी केली नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

पोलिसांपासून सुरुवात करतो. चौकात खरा गुन्हा घडला होता. एका माणसाचा हात फाटला, गाड्या फुटल्या, आणि यासाठी पुरेशी कडक कलमं पहिल्याच दिवशी एफआयआरमध्ये होती. राजद्रोह आल्यावर तपासाचा सगळा जोर फोनकडे, ग्रुपकडे आणि कोणाचे कोणाला किती कॉल याकडे गेला. चौकातल्या दुकानांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण, ज्यातून दगड मारणारे हात कदाचित सापडले असते, ते अर्धवटच गोळा झालं. परिणाम असा की ज्याने लिहिलं तो आरोपी क्रमांक मिळवून बसला, आणि ज्याने मारलं तो कोण हे फाईल आजही सांगू शकत नाही. मोठं कलम लावल्याने छोटा गुन्हा मोकळा सुटला. ज्या बाजूला मी नाही त्या बाजूनेही याचा राग यायला हवा.

आंदोलनाच्या स्थानिक पुढाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. बेंगळुरूतल्या विटंबनेचा निषेध तासाभरात निघाला. चौकातल्या दगडांबद्दल आणि अनगोळच्या पुतळ्याबद्दल स्वच्छ वाक्य यायला दिवस गेले, आणि आलं तेव्हा ‘ती आमची माणसं नव्हेत’ असं आलं. रायण्णा इंग्रजांशी लढून १८३१ साली नंदगडला फासावर गेला. नंदगड खानापूर तालुक्यात, म्हणजे आमच्याच मराठी पट्ट्यात आहे. त्याच्या पुतळ्याबद्दल मराठीतून पहिला निषेध यायला काय हरकत होती? आला असता तर सगळ्या आंदोलनाला देशविरोधी ठरवणारी भाषा इतक्या सहज चालली नसती. घटनेतली मागणी आणि हातातला दगड यांतलं अंतर दाखवून देण्याची जबाबदारी पोलिसांपेक्षा आधी मागणी करणाऱ्यांची असते, कारण त्या अंतरावरच त्यांचं सगळं संरक्षण उभं आहे.

एकत्रित वकीलपत्राचा प्रकार मात्र बदलायला हवा. वर्गणी एकत्र करा, पण अर्ज आरोपीगणिक वेगळे. वेगळा अर्ज म्हणजे फितुरी नव्हे, हे अटक होण्याच्या आधीच, शांत दिवसांत गावागावांत सांगून ठेवलं तर वडिलांसारख्या माणसाला ती संध्याकाळ काढावी लागणार नाही. धारवाडला न जाण्याबद्दल माझं मत अजून तेच आहे. ज्येष्ठांचंही त्यांचं तेच आहे.

आता नव्या पोरांसाठी परिस्थिती आणखी नाजूक आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात राजद्रोह या नावाचं कलम नाही, पण कलम १५२ आहे, त्यात फुटीरतावादी कृत्यांच्या भावनेला उत्तेजन देण्याचा उल्लेख आहे आणि इलेक्ट्रॉनिक संदेशांचाही. शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत. राज्यातून वेगळं व्हायची भाषा आणि देशातून फुटायची भाषा यांत फरक आहे, हे घटनेच्या कलम ३ ने आम्हाला शिकवलं. रात्री ड्यूटीवर असलेल्या फौजदाराला ते कोणी शिकवलंय का, माहीत नाही. १ नोव्हेंबरच्या फेरीआधी आता आम्ही काही वकील गल्ल्यांतून बैठका घेतो, त्यात ग्रुपवर काय लिहायचं हा निम्मा वेळ खातो. ‘मानायचं नाही’ऐवजी ‘आमची मागणी आहे’ लिहा, एवढं सांगितलं तरी पोरं हसतात. हसू द्या.

खटल्यात पुढचा साक्षीदार फोन तपासणारा अधिकारी आहे. स्क्रीनशॉट पुराव्यात यायचा तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागतं, हे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने जालन्याच्या एका निवडणूक वादात पुन्हा ठामपणे सांगितलंय, आणि आमच्या फायलीतल्या प्रमाणपत्रावर तारीख आहे पण उपकरणाचा तपशील नाही. उलटतपासणी तिथून सुरू होईल. मग ‘सकाळी’ या शब्दावर येईल.